सहा तासांची कराची

मुंबईहून कराचीला विमानाने किती वेळ लागतो, हे सोलापुरात मला इतक्या जणांनी विचारलं आहे की एकदा ते लिहूनच टाकावं असं ठरवलं. शाळेत विचारतात, नवी पेठेत गाठून विचारतात, न्हाव्यापुढे मान खाली घालून बसलो असताना न्हावीही विचारतो. ‘सहा तास’ असं सांगितलं की लोक समाधानाने मान डोलावतात आणि पुढचं ऐकायला थांबत नाहीत. पुढचं हे असं आहे.

सोलापूर

मी मूळचा मंद्रूपचा. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिला, आणि ते ज्यांनी ओळखायला लावलं ते गावच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांना सगळं गाव गुरुजी म्हणे. माझे वडील, म्हणजे आबा, मला शाळेत घालायला गेले तेव्हा फीची गोष्ट निघाली. गुरुजी म्हणाले, आत्ता काही नको, पोरगा बी.ए. झाला की मला एक घोंगडं द्या. त्या काळी मंद्रूपात बी.ए. म्हणजे काय हे एकट्या गुरुजींनाच ठाऊक होतं, तेव्हा ते थट्टेनेच बोलले असणार. आबांनी मात्र ते थट्टेवारी घेतलं नाही. पुढे सोलापूरच्या हायस्कुलात माझी व्यवस्था लावून दिली ती गुरुजींनी, कॉलेजात पुस्तकं पाठवली ती गुरुजींनी, आणि दर सुट्टीत आबा मला एकच विचारत, ‘अजून किती हाय रं ते बीये?’

या वर्षी ते झालं. आबांनी काळ्या मेंढीची निवडक लोकर काढली, आईने सूत कातलं, गावातल्या विणकराने घोंगडं विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून ते असं कडक केलं की उभं केलं तर उभं राहील. ही खळ लक्षात ठेवा. तिच्यामुळे मला पुढे फार त्रास झाला.

गुरुजी निवृत्त होऊन कराचीला मुलाकडे राहत होते. दिवाळीत जाऊन घोंगडं द्यायचं असा बेत होता. पण आषाढातल्या एका सोमवारी त्यांचं पत्र आलं. मुलाला इराकात, बसऱ्याला, नोकरी लागली होती, शुक्रवारी संध्याकाळी कराचीहून त्यांची आगबोट सुटणार होती, आणि गुरुजींनी सरळ लिहिलं होतं की या वयात परत येणं होईल असं वाटत नाही. मी पत्र मंद्रूपला जाऊन वाचून दाखवलं. आबांनी घडी घातलेलं घोंगडं उचलून माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, “फी ऱ्हायली की रं त्यांची. जा, दिऊन ये.”

जा म्हणणं सोपं होतं. रेल्वेने गाड्या बदलत गेलो तर पोचायला शनिवार उजाडला असता. कराचीच्या आगबोटीची चौकशी केली, तर या आठवड्याची कराचीची बोट सुटून गेली असं एजंटने सांगितलं. मी कराचीची बोट विचारली आणि त्याने कराचीच्या बोटीचं उत्तर दिलं. त्यात दोघांचंही चुकलं नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

इथे नरसय्या शेठ आले. साखर पेठेत त्यांचं सुताचं दुकान आहे, मी त्यांच्या मुलांना शिकवायला जातो. टपालाच्या विमानात एखादी जागा उतारूला देतात असं ऐकून त्यांनी हौसेने कराचीची एक जागा घेतली होती, त्याच गुरुवारची. पण त्यांच्या आईला सुगावा लागला आणि तिने जेवण सोडलं. शेठ मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही जावा. तुमच्या आईला काय बी सांगू नका, म्हणजे झालं.” मी पैशाचा विषय काढला तर ते माझ्यावरच रागावले.

त्या रात्री मी, शेठ आणि त्यांची सगळी मुलं भिंतीवरच्या नकाशापुढे उभे राहिलो. मी मुंबई ते कराची दोरा ताणला, गुरुजींनी शिकवलं होतं तसा, आणि खालच्या प्रमाणपट्टीवर मोजला. साडेपाचशे मैल भरले. विमान ताशी शंभर मैल जातं असं एजंट म्हणाला होता. मुलांना भागाकार करायला सांगितला. सहा तासांच्या आतच उत्तर आलं. शेठना इतका आनंद झाला की त्यांनी पेढे मागवले. गुरुवारी सकाळी निघून दुपारी कराची, म्हणजे गुरुजींबरोबर एक सबंध दिवस. मी तशी तार केली.

नकाशावर पाऊस दाखवलेला नसतो. आणि आम्ही सगळे सोलापूरचे. आषाढ असो की श्रावण, आमच्याकडे आभाळाकडे बघायचं ते पाऊस येतो का हे बघायला. पावसामुळे काही अडतं ही कल्पनाच आमच्या डोक्यात येत नाही. शेठच्या आली नाही, एजंटच्या आली नाही, बी.ए. झालेल्या माझ्याही आली नाही.

जुहू

मंगळवारी रात्री मेलने निघालो. बरोबर ट्रंक, तिच्यात नवा कोट, पदवीचा कागद आणि झग्यातला माझा फोटो, चौकटीसकट. काखेत घोंगडं. शिदोरीला आईने दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी. पहाटे पुण्याला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून चहा घेतला. हा चहाही लक्षात ठेवा.

मुंबईत पाऊस कोसळत होता. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी, पण ऐन वेळी धांदल नको म्हणून आदल्या दिवशीच जाऊन जागा बघून ठेवावी असं ठरवलं. हा एकच शहाणपणा मी या प्रवासात केला. सांताक्रूझहून टांगा केला. टांगेवाल्याने एका मोठ्या तळ्यापाशी गाडी थांबवली आणि म्हणाला, आलं. मी विचारलं, विमानतळ कुठे आहे. त्याने चाबूक तळ्याकडे केला.

खरंच ते तळं म्हणजेच विमानतळ. मध्यभागी एक बगळा उभा होता. काठावरच्या पत्र्याच्या खोपटात एक रखवालदार विडी ओढत बसला होता. त्याला मी कराचीचं विमान विचारलं. तो म्हणाला, पावसाळ्यात इथून कुठलं विमान, पावसाळ्यात ते पुण्याहून सुटतं. मी म्हटलं, हे कुणी सांगितलं नाही. तो म्हणाला, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

म्हणजे पहाटे मी जिथे चहा पीत उभा होतो तिथून.

टांगा मी सोडून दिला होता आणि दुसरा मिळेना. ट्रंक डोक्यावर घेतली आणि धनगराचं पोर पावसात जे करतं तेच केलं, घोंगड्याची खोळ करून अंगावर घेतली. जुनं, मुरलेलं घोंगडं पावसाला दाद देत नाही. नव्याची गोष्ट वेगळी. पाण्याने खळ सुटली, तिचा चिकट पाझर माझ्या मानेवरून सदऱ्यात उतरला, आणि मैलभर चालेपर्यंत माझ्या अंगाला चिंचोके शिजवल्याचा वास यायला लागला. घोंगडं पाणी पिऊन असं जड झालं की वाटेत एकदा वाळूवर बसावं लागलं.

समोर समुद्र होता. मी तो पहिल्यांदा पाहिला. वर्णन करावं असं काही सुचलं नाही, कारण डोळ्यांत खळ गेली होती. लांबवर एक आगबोट धूर सोडत उत्तरेकडे चालली होती. तिच्याकडे बघून मला एवढ्या वैतागातही जरा बरं वाटलं. बिचारे कधी पोचणार, असं मनात आलं. मी उद्या दुपारी कराचीत असेन.

पुणे

रात्रीच्या गाडीने उलटा पुण्याला. सकाळी विमानाच्या मैदानावर पोचलो तेव्हा आभाळ उघडलं होतं. विमान पाहून मात्र धसका बसला. मी मोटारबसएवढं काहीतरी मनात धरलं होतं. हे लग्नाच्या छकड्याएवढं होतं, पुढे वैमानिक, मागे टपालाच्या थैल्या, आणि थैल्यांत फट राहिली तर उतारू.

तिथे एक काटा होता, धान्याच्या अडत्याकडे असतो तसा. कचेरीतले एक गृहस्थ आधी थैल्या तोलत होते. मग त्यांनी मला काट्यावर उभं केलं, ट्रंकेसकट, घोंगड्यासकट. काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि घोंगड्यातून टपकणाऱ्या थेंबांकडे बघितलं.

“आपण यात पाणी घेऊन चाललात का कराचीला?” त्यांनी विचारलं.

मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, टपाल आधी, माणूस नंतर, सामान त्याहून नंतर. घोंगडं ठेवून जा, वाळवून पुढच्या आठवड्याच्या टपालात टाकू. पुढच्या आठवड्यात गुरुजी बसऱ्यात असणार होते. मी म्हटलं, घोंगडं जाणार. मग ट्रंक ठेवा, ते म्हणाले. ट्रंक ठेवली. कोट, पदवीचा कागद आणि चौकटीतला मी, सगळे पुण्यात राहिले. तरीही काटा ऐकेना. जोडे काढले, टोपी काढली. शेवटी शिदोरीवर आलं. आईने दिलेलं टाकवेना, म्हणून मी म्हणालो, जरा थांबा, मी हे खाऊन घेतो.

त्या गृहस्थांनी चष्मा काढला. “पोटात गेल्यावर भाकरीचं वजन कमी होतं असं कुठल्या कॉलेजात शिकवतात?”

मी पदवीधर असल्याचं बोलून बसलो होतो. विषय कोणता होता, असं त्यांनी विचारलं. इतिहास, मी म्हणालो. ते म्हणाले, “मग ठीक आहे,” आणि चटणीची पुडी तेवढी माझ्या खिशात राहू दिली.

असा मी हिंदुस्थानातल्या सर्वांत वेगवान वाहनात चढलो, अनवाणी, धोतर-सदऱ्यावर, मांडीवर ओलं घोंगडं घेऊन.

आकाशात, आणि मग अहमदाबाद

आता लोकांना जे ऐकायचं असतं ते सांगतो. विमान उडालं तेव्हा पोट खाली राहिलं आणि मी वर गेलो. सह्याद्रीवर ढगांचं पांढरं रान पसरलं होतं, त्यातून एखादा काळा सुळका वर आलेला, मेंढरांत उभ्या कुत्र्यासारखा. हे मात्र खरोखर सुंदर होतं, आणि त्याक्षणी नरसय्या शेठांबद्दल माझं मन भरून आलं. पुढे हवेत खड्डे लागले. हवेत खड्डे असतात हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. टपालाच्या थैल्या माझ्या अंगावर आल्या आणि नर्मदा आली तेव्हा मी कुणाच्या तरी पत्रांत तोंड खुपसून बसलो होतो. वैमानिक धारवाडकडचा निघाला. आमच्या मंद्रूपाला कानडी घराघरांत आहे, त्यामुळे जमलं. यंत्राच्या आवाजावर ओरडून त्याने मला विचारलं, हा वास कसला. मी ओरडून सांगितलं, चिंचोके. पुढे तो अहमदाबादपर्यंत बोलला नाही.

अहमदाबादला पेट्रोल घ्यायला उतरलो. अर्ध्या तासात निघायचं होतं. तेवढ्यात तार आली की सिंधमध्ये धुळीचं वादळ आहे. वैमानिकाने तार घडी करून खिशात ठेवली आणि कानडीत म्हणाला, उद्या.

मी त्याला सांगितलं की माझ्या गुरुजींची बोट उद्या संध्याकाळी सुटते. तो म्हणाला, मीही कुणाचा तरी मुलगा आहे.

दोरा ताणून काढलेल्या सहा तासांपैकी तीन विमानात गेले होते आणि उरलेला सबंध दिवस मी एका शेडच्या सावलीत घोंगडं पिळण्यात घालवला. जगातलं सर्वांत वेगवान वाहन समोर खुंट्याला दोरीने बांधून ठेवलं होतं, गाढव बांधावं तसं. शेडवरच्या पटेलकाकांनी दया येऊन घरी जेवायला नेलं. फार मायेची माणसं, त्यांचं मीठ खाल्लं आहे म्हणून वाईट बोलणार नाही, पण वरणात गूळ, कढीत साखर, भाजीत पुन्हा गूळ. मी गुपचूप खिशातली पुडी काढली. काकांनी चिमूटभर चटणी मागून घेतली, मग तांब्याभर पाणी प्याले, आणि बायकोला गुजरातीत जे म्हणाले त्याचा अर्थ असा की या माणसाला विमानाची भीती का वाटत नाही ते आता कळलं.

भीती वाटत नव्हती हे खरं. सारखे आबा डोळ्यांपुढे येत होते. बोट गेली तर त्यांना जाऊन काय सांगायचं? विमान बांधून ठेवलं होतं असं सांगायचं? मेंढरं घेऊन दर वर्षी शेकडो मैल चालणाऱ्या माणसाला हे पटेल असं मला वाटेना.

कराची

शुक्रवारी वादळ ओसरल्याची तार यायला अकरा वाजले, मग निघालो. कच्छचं रण पाण्याने भरलं होतं, खाली आभाळ आणि वर आभाळ, मध्ये आम्ही. मग सगळं तपकिरी झालं. कराचीच्या मैदानावर उतरलो तेव्हा दुपार कलत आली होती. विमानाच्या माणसांनी मला टपालाच्या मोटारीत शहरापर्यंत सोडलं. गुरुजींच्या पत्त्यावर गेलो तर दाराला कुलूप. शेजारची बाई मराठीच होती. तिने माझ्या अनवाणी पायांकडे पाहून सांगितलं की मंडळी बंदरावर गेली, आणि काल दुपारभर म्हातारे विमानतळावर धुळीत उभे होते, कुणीतरी शिष्य येणार म्हणून.

ते ऐकून मी टांगा केला आणि टांगेवाल्याला घोडा बंदराकडे पिटाळायला सांगितलं.

कियामारीच्या धक्क्यावर बोट उभी होती. माणसांची, पेट्यांची, खलाशांची झुंबड. मी घोंगडं खांद्यावर टाकून शिडीकडे घुसलो तर शिपायाने हटकलं. त्याला मी हमाल वाटलो, आणि हमालांची वाट दुसरीकडून होती. मी वाद घातला नाही, हमालांच्या वाटेने वर गेलो.

गुरुजी डेकवर एका वळकटीवर बसले होते. खूप वाळले होते. मी पायांवर डोकं ठेवलं तेव्हा त्यांनी आधी माझे पाय पाहिले.

“बिरू,” ते म्हणाले, “पहिल्या दिवशी शाळेत आलास तो असाच.”

मला कोट, कागद, फोटो, सगळं एकदम सांगायचं होतं. कागद पुण्यात राहिला, एवढंच तोंडातून आलं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. घोंगडं हातात घेतलं, उलगडलं, काठ पाहिला. एव्हाना ते अर्धवट वाळून ठिकठिकाणी आखडलं होतं आणि वास तर शेजारच्या उतारूंनाही येत होता. गुरुजींचा मुलगा कळवळून म्हणाला, “बाबा, बसऱ्यात उन्हाने माणसं भाजतात. तिथे घोंगडं कशाला?”

“ही फी आहे,” गुरुजी म्हणाले. “फी काय हवा बघून घेतात?”

त्यांनी ते डेकवर अंथरलं, त्यावर बसले आणि मला शेजारी बसवलं. मग विचारलं की किती वेळ लागला. मी सगळी वाट सांगितली. सोलापूर, मुंबई, जुहूचं तळं, परत पुणे, काटा, अहमदाबाद. पुण्याच्या चहाशी ते हसायला लागले. जुहूच्या वाळूत बसून लांब आगबोट दिसली आणि तिची कीव आली, हेही मी सांगितलं.

गुरुजी हसायचे थांबले. “बुधवारी? दुपारी?”

“हो.”

“उत्तरेकडे चाललेली?”

“हो.”

त्यांनी डेकवर हात थोपटला. “तीच ही. बसऱ्याची बोट मुंबईहून सुटते रे. दोन रात्रींत कराचीला येते, माणसं घेते, पुढे जाते.”

मी आजूबाजूला बघितलं. सावलीत माणसं पत्ते खेळत होती. मुंबईहून आलेला एक जण आरामात पाय पसरून केळं खात होता. त्याच्या पायांत जोडे होते. त्याची ट्रंक त्याच्याजवळ होती. बुधवारी सकाळी मी मुंबईत होतो. बंदरावर गेलो असतो तर कोट घालून, पदवीचा कागद घेऊन, कोरडं घोंगडं काखेत मारून याच बोटीवर बसलो असतो आणि याच शुक्रवारी याच डेकवर गुरुजींना भेटलो असतो.

“दोरा तुम्ही शिकवलात, गुरुजी,” मी म्हणालो. मला जरा रागच आला होता.

“शिकवला. पण बोट मुंबईहून येते हे पत्रात लिहायचं राहिलं. तू विमानाने येशील हे माझ्या तरी कुठे स्वप्नात होतं?” त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो थोडा चिकटला. “पोचलास. फी पोचली. पण आबांना या बोटीचं सांगू नकोस. त्यांना वाटेल, पोराला इतकं शिकवून काय झालं.”

भोंगा झाला. पोचवायला आलेल्यांना उतरवायला लागले. मी धक्क्यावरून बघत राहिलो. बोट फिरली तेव्हा डेकवर पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत काळा चौकोन तेवढा दिसत होता, आणि त्यावर बसलेले गुरुजी.

परतीचा प्रवास मी आगबोटीने केला. तो सुखाचा झाला, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पुण्याला उतरून ट्रंक घेतली. सगळं जसंच्या तसं होतं, भाकऱ्यांखेरीज. त्या गृहस्थांनी, खराब होतील म्हणून, संपवल्या होत्या, आणि चटणी मिळाली असती तर बरं झालं असतं असंही म्हणाले.

मंद्रूपला गेलो तेव्हा आबा मेंढरांच्या वाड्यात त्यांच्या पायांना औषध लावत बसले होते. काम न थांबवता त्यांनी विचारलं, “घेटलं का?”

“घेतलं. अंथरून बसले.”

“भिजलं न्हाय न्हवं वाटंत?”

“थोडं भिजलं.”

आबांनी मेंढरू सोडलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “भिजू दे की. एकदा भिजल्याबिगर घोंगडं मुरत न्हाय,” ते म्हणाले. “आन् किती टाइम लागला?”

“सहा तास,” मी म्हणालो.